सा जिथे ठेवाल तिथे बिलावल

सोलापुरातल्या कोणत्याही पेठेतल्या भजनी मंडळात गाणे सुरू होण्याआधी पेटीवाला गायकाला एकच प्रश्न विचारतो, तो म्हणजे पट्टी कोणती. बुवा 'काळी दोन' म्हणतात, पखवाजवाला त्या सुराला शाईची बाजू मिळवून घेतो, आणि त्यानंतर रात्रभर त्या विषयावर कोणी बोलत नाही. पेटीच्या एका सप्तकात सात पांढऱ्या आणि पाच काळ्या पट्ट्या असतात. त्यांना डावीकडून क्रमांक दिले की पांढरी चार, काळी दोन अशी बारा ठिकाणे तयार होतात, आणि त्यांपैकी ज्या ठिकाणी गायकाचा षड्ज, म्हणजे सा, बसतो ती त्याची पट्टी. दक्षिणेकडचे गायक हीच ठिकाणे एक, दीड, दोन, अडीच अशी मोजतात. आमच्या शहरात मराठीच्या जोडीने तेलुगू आणि कन्नडही सतत कानावर पडत असल्याने 'काळी एक म्हणजे तुमची दीड' हा हिशेबही इथल्या पेटीवाल्यांना नवा नाही. कोणत्याही हिशेबाने मोजा, षड्जाची जागा एकदा तोंडी सांगून टाकायची, आणि मग फक्त सा रे ग म यांच्या भाषेत बोलायचे, अशी आपली रीत आहे.

पाश्चात्त्य पद्धतीचा छापील कागद समोर आला की ही रीत कोलमडते. माझी भाची कीबोर्डच्या परीक्षेची तयारी करते. एका संध्याकाळी तिने माझ्यापुढे एक पान ठेवले, ज्यावर प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला, पाच रेषांच्या डाव्या टोकाशी, चार शार्पची चिन्हे एकापुढे एक उभी होती. या चिन्हांच्या जुडग्याला की सिग्नेचर म्हणतात हे तिला ठाऊक होते आणि त्या चार खुणांची नावेही तिला पाठ होती; एफ, सी, जी आणि डी हे स्वर या पानात जिथे जिथे येतील तिथे अर्धा स्वर चढे वाजवायचे, हेही ती बिनचूक सांगत होती. तिचा प्रश्न वेगळाच होता. ती म्हणाली, "मामा, ते सगळं खरं, पण ह्यात सा कुठंय?"

माझ्या मते की सिग्नेचरबद्दल विचारण्यासारखा हा एकच प्रश्न आहे, आणि शिकवणीची बहुतेक पुस्तके नेमका तोच टाळून पाठांतराचे तक्ते पुढे करतात.

अडचण सुरू होते ती एका सोप्या समीकरणामुळे. शार्प म्हणजे अर्धा स्वर वर आणि फ्लॅट म्हणजे अर्धा स्वर खाली, ही व्याख्या बरोबरच आहे. आपल्याकडे अर्धा स्वर वर गेलेल्याला तीव्र आणि खाली आलेल्याला कोमल म्हणतात, म्हणून शार्प म्हणजे तीव्र आणि फ्लॅट म्हणजे कोमल असे आपला विद्यार्थी मनाशी जुळवून टाकतो. मग चार शार्पचे पान पाहून तो गांगरतो, कारण त्याच्या जगात तीव्र होणारा स्वर मध्यम हा एकटाच असतो, आणि इथे तर चौघे रांगेत उभे. त्याहून चमत्कारिक गोष्ट अशी की ते पान वाजवून पाहिले तर कानाला तीव्र असे काहीच लागत नाही. सरळ, साधा, शुद्ध स्वरांचा बिलावल ऐकू येतो. चार शार्प लावूनही चाल शुद्धच राहते. किंबहुना ती शुद्ध राहावी म्हणूनच ते चार शार्प लावलेले असतात.

हे शब्दांनी सांगण्यापेक्षा पेटीवर पाहावे. बिलावलचे सात स्वर ठरावीक अंतरांवर उभे असतात: सा ते रे पूर्ण स्वर, रे ते ग पूर्ण, ग ते म अर्धा, पुढे प, ध आणि नि यांपर्यंत पुन्हा तीन पूर्ण, आणि नि ते तार सा अर्धा. पांढरी एक, म्हणजे पाश्चात्त्यांचा सी, हा सा धरला तर ही सगळी अंतरे पांढऱ्या पट्ट्यांवर आपोआप जुळतात, कारण पेटीची रचनाच तशी केलेली आहे. आता सा पांढऱ्या दोनवर, म्हणजे डीवर न्या आणि हट्टाने पांढऱ्या पट्ट्यांवरच चालत राहा. रे पांढऱ्या तीनवर ठीक मिळतो, पण गंधाराच्या जागी पांढरी चार दाबली की तो कोमल लागतो. मध्यम, पंचम, धैवत बरोबर येतात आणि निषाद पुन्हा कोमल. दोन कोमल स्वरांचा हा काफी थाट झाला; थाट म्हणजे ज्यावरून राग निघतात तो सात स्वरांचा साचा. बिलावल हवा असेल तर ते दोन्ही स्वर अर्ध्याने वर घ्यावे लागतील, म्हणजे गंधारासाठी पांढरी चार सोडून काळी तीन आणि निषादासाठी वरच्या सप्तकातली पांढरी एक सोडून काळी एक. पाश्चात्त्य नावांनी बोलायचे तर एफ शार्प आणि सी शार्प. डी मेजर, म्हणजे डीवरचा बिलावल, या स्केलच्या सुरुवातीला जे दोन शार्प छापलेले असतात ते हेच, आणि षड्जाच्या नात्याने पाहिले तर ते आपले शुद्ध गंधार आणि शुद्ध निषाद आहेत.

हाच खेळ प्रत्येक पांढऱ्या पट्टीवर करून पाहण्यासारखा आहे, आणि आपल्याकडे त्याला मूर्च्छना असे जुने, भारदस्त नाव आहे. पांढऱ्या पाचवरून निघालो तर एकटा निषाद कोमल होऊन खमाज थाट मिळतो. तो निषाद चढवला की एक शार्प, आणि जी मेजरला एकच शार्प असतो. पांढऱ्या सहावरून गंधार, धैवत आणि निषाद हे तिघे कोमल होतात, तो आसावरी. ए मेजरला तीन शार्प. पांढऱ्या तीनवरून ऋषभासह, म्हणजे रे धरून, चारही कोमल स्वर हजर होतात आणि भैरवी अवतरते. ई मेजरला चार शार्प असतात, आणि भाचीचे पान नेमके त्याच स्केलचे होते. तिला मी पेटीवर पांढऱ्या तीनचा सा धरून आधी भैरवीचे स्वर वाजवायला लावले आणि मग तिच्या कागदावरच्या चार खुणा एकेक करून लावायला सांगितल्या. एफ चढला आणि ऋषभ शुद्ध झाला. मग सी चढला, धैवत शुद्ध झाला. जी चढल्यावर गंधार आणि शेवटी डी चढल्यावर निषाद शुद्ध होऊन भैरवीचा बिलावल पुरा झाला. भैरवीतले कोमल स्वर चार, कागदावरचे शार्पही चार. हा योगायोग नाही, दोन्हीकडे एकच अंतर मोजलेले आहे.

पांढऱ्या सातवरचा प्रवास मात्र आपल्या थाटांच्या यादीत बसत नाही, कारण तिथे शुद्ध पंचमच सापडत नाही. त्याच्या जागी अर्धा स्वर उतरलेला काहीतरी येतो, ऋषभ, गंधार, धैवत, निषादही उतरलेले असतात, आणि या पाचांना वर आणण्यासाठी बी मेजरला पाच शार्प लागतात. उरली पांढरी चार. तिच्यावरून निघाल्यावर सगळे शुद्ध लागते, फक्त मध्यम तीव्र होतो, म्हणजे कल्याण थाट. त्याचा बिलावल करायचा तर तो मध्यम अर्ध्याने उतरवायला हवा, म्हणून एफ मेजरला एक फ्लॅट, बी फ्लॅट. तो फ्लॅट कोमल मध्यम नव्हे, तो आपला साधा शुद्ध मध्यम आहे. युरोपच्या लेखनात जन्मलेली पहिली खूण हीच. मध्ययुगात, अकराव्या शतकातल्या ग्विदो या ख्रिस्ती भिक्षूच्या स्वरपद्धतीत, एफ आणि बी यांच्यातले हे तीव्र मध्यमाचे अंतर गायला आणि ऐकायला खडबडीत वाटे, म्हणून बीचे दोन प्रकार मानले गेले. उतरलेला बी गोल पोटाचा लिहीत आणि मूळचा चौकोनी. गोल बीपासून आजचे फ्लॅटचे चिन्ह आले आणि चौकोनी बीपासून मूळ स्वरावर परत आणणारे नॅचरलचे चिन्ह. शार्पचे चिन्हही त्याच चौकोनी घराण्यातले आहे.

थोडे थांबून एक गोष्ट नोंदवतो. बिलावल, खमाज, काफी, आसावरी, भैरवी आणि कल्याण हे सहा थाट पांढऱ्या पट्ट्यांवरच निघाले. विष्णु नारायण भातखंडे यांच्या दहा थाटांपैकी राहिले भैरव, पूर्वी, मारवा आणि तोडी. हे चौघे कोणत्याही एका पांढऱ्या पट्टीवरून निघून मिळत नाहीत, आणि म्हणूनच नेहमीच्या की सिग्नेचरमध्ये ते बसवताही येत नाहीत. भैरवातले कोमल ऋषभ आणि शुद्ध गंधार पाच रेषांवर लिहायचे झाले तर स्वरांना जागच्या जागी वेगळी चिन्हे लावत बसावे लागते. ओळीच्या डाव्या टोकाशी कितीही खुणा केल्या तरी एवढ्या मोठ्या पद्धतीच्या हाती शेवटी सात मूर्च्छनाच आहेत, याचे मला नेहमी थोडे नवल वाटते.

आता काळ्या पट्ट्यांकडे. काळी एकचा सा धरून बिलावल लिहायचा तर त्या पट्टीला दोन नावे आहेत, सी शार्प किंवा डी फ्लॅट, आणि कागदावरचा सगळा फरक या निवडीने पडतो. नियम एवढाच की सात स्वरांना सात अक्षरे एकेकदाच यायला हवीत, कोणतेही अक्षर गाळायचे नाही आणि कोणतेही दोनदा वापरायचे नाही. पाच रेषांवर प्रत्येक अक्षराची जागा ठरलेली असल्याने आरोह लिहिताना पायरीवर पायरी चढत जावी यासाठी तो नियम आवश्यक आहे. सी शार्प म्हटले तर सातही अक्षरे चढवावी लागतात, आणि त्यात ई शार्प, बी शार्प असे विक्षिप्त पाहुणे येतात, जे पेटीवर पांढरी चार आणि पांढरी एक याच पट्ट्या आहेत. डी फ्लॅट म्हटले तर पाच फ्लॅटांत काम भागते. काळी दोनला डी शार्प म्हणण्याचा आग्रह धरला तर हिशेब नऊ शार्पांवर जातो, म्हणजे सात अक्षरांपैकी दोघांना दुहेरी शार्प लावावे लागतात. तीच पट्टी ई फ्लॅट म्हणून लिहिली की तीन फ्लॅट पुरतात. काळी चार चार फ्लॅटांची, काळी पाच दोन फ्लॅटांची. आपले गायक ज्या पट्ट्यांना सर्रास पसंती देतात त्या काळ्या एक, दोन, चार आणि पाच या चारही पट्ट्या कागदावर फ्लॅटांच्या बाजूला जाऊन बसतात. आपल्या पेटीवाल्यांना 'सी शार्प, जी शार्प' म्हणायची सवय असते, आणि पाश्चात्त्य वादकाला ती ऐकून घाम फुटतो, त्याचे कारण हे आहे.

खुणांचा क्रमही काही अगम्य नाही. त्यामागे आपला षड्ज-पंचम भावच आहे. सा जिथे असेल तिथून उठवून त्याच्याच पंचमावर नेला, तर सातपैकी सहा स्वर जसेच्या तसे उपयोगी पडतात आणि फक्त एकाला जागा सोडावी लागते. जुन्या घरातला शुद्ध मध्यम नव्या घरात कोमल निषाद होऊन बसतो, म्हणून त्याला अर्ध्याने वर ढकलून शुद्ध निषाद करायचे. पांढऱ्या एकवरून पांढऱ्या पाचवर गेलो की पांढरी चार चढते, म्हणजे एफ शार्प. तिथून पुन्हा पंचमावर, पांढऱ्या दोनवर गेलो की सी शार्पची भर पडते. दर मुक्कामाला एक नवा शार्प, आणि आधीचे सगळे कायम. एफ, सी, जी, डी, ए, ई, बी हा जो क्रम मुलांकडून घोकून घेतात तो म्हणजे पंचमा-पंचमाने चढत गेलेल्या निषादांची यादी आहे. त्यामुळे मेजरच्या पानावर शेवटचा शार्प नेहमी निषाद असतो आणि सा त्याच्या लगेच वर, अर्ध्या स्वरावर. भाचीच्या पानावर शेवटचा शार्प डीवर होता. त्याच्या अर्धा स्वर वर ई, तोच सा. तिने विचारलेल्याचे उत्तर ओळीच्या डाव्या टोकालाच छापलेले होते.

फ्लॅटांची वाट षड्ज-मध्यम भावाची. सा मध्यमावर नेला की जुन्या घरातला निषाद नव्या घरात तीव्र मध्यम होतो आणि त्याला उतरवून शुद्ध मध्यम करावे लागते. म्हणून शेवटचा फ्लॅट हा मध्यम, आणि त्याच्या आधीचा फ्लॅट हा सा. एकच फ्लॅट असेल तेव्हा आधीचा नसतो, पण तेवढे एफ मेजर लक्षात ठेवायला कोणाला जड जाऊ नये.

यात एक मेख आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. की सिग्नेचर कोणते स्वर घ्यायचे ते सांगते, त्यांतला सा कोणता हे निश्चित सांगत नाही. कोरे पान, म्हणजे एकही खूण नसलेले, सी मेजरचे असू शकते तसेच ए मायनरचेही, म्हणजे पांढऱ्या सहावरून निघालेल्या आसावरी थाटाचेही. दोन्हीचे स्वर तेच, घर वेगळे. ते ओळखायला चाल कुठे विसावते हे पाहावे लागते, जसे आपण थाट ठाऊक असूनही राग न्यासावरून आणि चलनावरून ओळखतो. शिवाय मायनरमध्ये निषाद बहुधा शुद्ध घेतात, आणि तसा तो घेतला की आपल्या ओळखीचा किरवाणी राग तयार होतो. पण तो शुद्ध निषाद डाव्या टोकाच्या खुणांत जात नाही, जिथे येतो तिथे त्याच्यापुढे शार्प किंवा नॅचरल लिहितात. सोलापुरात वाढलेल्याला हे मागाच्या भाषेत सांगितले की चटकन कळते: सिग्नेचर म्हणजे ताण्यात आधीच भरलेले रंगीत सूत, जे चादरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते, आणि मध्येच लावलेले चिन्ह म्हणजे बाण्यात तेवढ्यापुरता सोडलेला वेगळा धागा. अशा मध्येच लावलेल्या चिन्हाचा अंमल त्या मात्राखंडाच्या शेवटच्या उभ्या रेषेपर्यंत आणि त्याच सप्तकापुरता चालतो; सिग्नेचरचा अंमल सगळ्या सप्तकांत, नवी सिग्नेचर येईपर्यंत.

भातखंड्यांच्या स्वरलिपीत या सगळ्याची गरजच पडत नाही. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, आणि पट्टीचा कुठेही उल्लेख नाही. तेच पान काळी एकचा गायक गातो आणि काळी पाचची गायिकाही. युरोपात असे कोणाला सुचले नाही असे मुळीच नव्हे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन कर्वेन याने हलत्या 'डो'वर आधारलेली टॉनिक सोल-फा ही लेखनपद्धती लोकप्रिय केली आणि कित्येक गायनवृंद तिच्यावरच गात असत. तरीही वाद्यवृंदासाठी पाच रेषाच टिकल्या. आपली मैफल एका तंबोऱ्याच्या छायेत चालते आणि त्याचा षड्ज मैफलभर हलत नाही. वाद्यवृंदात एकाच रचनेत षड्ज दोन-चार वेळा घर बदलतो, तेही तीस-चाळीस वादक एकाच वेळी वाजवत असताना, आणि अशा वेळी प्रत्येकाच्या बोटाला नेमकी जागा सांगणारी लिपी लागते. पंचमावरचे किंवा मध्यमावरचे घर शेजारचे, कारण एकच स्वर बदलतो. दूरचे घर दूरचे, कारण पाच-सहा बदलतात. खुणांची संख्या म्हणजे त्या प्रवासाचे अंतरच होय.

पंचमांची ही साखळी खरोखर वर्तुळ होते का, हा प्रश्न कानसेनांनी विचारला पाहिजे. शुद्ध पंचम षड्जाच्या दीडपट कंपनांचा असतो. बारा वेळा दीडपट करत गेलो तर सुमारे १२९.७५ येतात, आणि सात सप्तके चढून त्याच सा वर पोहोचायचे तर १२८ यायला हवेत. उरलेला फरक अर्ध्या स्वराच्या जवळजवळ चौथ्या हिश्शाएवढा आहे, म्हणजे चांगलाच कानाला लागण्याजोगा. आजच्या पेटीत आणि पियानोत तो बाराही पंचमांत सारखा वाटून टाकलेला असतो, आणि प्रत्येक पंचम केसभर उतरलेला असतो. जर्मन संगीतकार बाखने १७२२ मध्ये बारा ठिकाणच्या मेजर आणि मायनर मिळून २४ स्केलमध्ये रचनांचा संच लिहिला, तो असा कोणत्याही घरात वाजवता येईल अशा जुळणीचा सोहळाच होता, जरी बहुतेक अभ्यासकांच्या मते त्याची जुळणी आजच्यासारखी काटेकोर समान नव्हती. या सोयीची किंमत गंधार मोजतो. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो गंधार आपोआप उमटतो त्याच्यापेक्षा पेटीचा शुद्ध गंधार सुमारे १४ सेंटने चढा असतो, अर्धा स्वर १०० सेंटचा धरला तर. आकाशवाणीवर पेटीला १९४० पासून तीन दशके बंदी होती, तिच्यामागे जी कारणे सांगितली गेली त्यांत हे बांधीव सूर एक होते. बंदी मला अतिरेकी वाटते, पण तक्रार खोटी म्हणता येत नाही. काळी दोन ही डी शार्प आणि ई फ्लॅट दोन्ही होऊ शकते ती या तडजोडीमुळेच. गळ्यात आणि व्हायोलिनवर ही दोन नावे एकाच बिंदूवर पडतीलच असे नाही.

की सिग्नेचरचा खरा उपयोग पाहायचा असेल तर लग्नसराईत बँडच्या तालमीला जावे. आमच्या ओळखीच्या एका मास्तरांची तालमीची खोली म्हणजे पत्र्याखालची अरुंद जागा, भिंतीला टेकवलेले ड्रम, खुंटीला झब्बेदार लाल कोट, आणि मधल्या बाकावर क्लॅरिनेट, ट्रंपेट आणि अल्टो सॅक्सोफोन. क्लॅरिनेट आणि ट्रंपेट ही बी फ्लॅटची वाद्ये, म्हणजे वादक कागदावरचा सी वाजवतो तेव्हा कानावर काळी पाच पडते. अल्टो सॅक्सोफोन ई फ्लॅटचा. त्याच्या सीमधून काळी दोन निघते. त्यामुळे एकच चाल, एकच षड्ज, पण प्रत्येकाच्या हातातल्या कागदावर खुणा वेगळ्या. काळी पाचच्या गाण्यात कीबोर्डवाल्यासमोर दोन फ्लॅट असतात, क्लॅरिनेटवाल्याचे पान कोरे आणि सॅक्सवाल्याकडे एक शार्प. काळी दोनच्या गाण्यात कीबोर्डला तीन फ्लॅट, क्लॅरिनेटला एक आणि सॅक्सचे पान कोरे. मास्तरांचा हिशेब तोंडी आहे: बी फ्लॅटच्या वाद्याला दोन शार्प वाढवायचे, ई फ्लॅटच्या वाद्याला तीन, आणि फ्लॅट असतील तर ते तेवढ्याने कापायचे.

या हिशेबामुळे भजनी मंडळाची काळी दोन आणि बँडची काळी दोन कारण एक नसतानाही एकत्र आलेल्या दोन सोयी ठरतात. बुवांच्या गळ्याला ती बसते आणि सॅक्सवाल्याच्या बोटांना. उलट गिटारवाल्याने कौतुकाने ई मेजरमध्ये, म्हणजे पांढऱ्या तीनवर, गाणे बसवून आणले की बँडमध्ये हाहाकार होतो. चार शार्पांत दोन मिळवले की क्लॅरिनेटला सहा, तीन मिळवले की सॅक्सला सात. "फ्लॅटचं काय बी द्या, शार्पचं देऊ नका," असे मास्तर म्हणतात तेव्हा ते आवडीनिवडीबद्दल बोलत नसतात, ते वजाबाकी करत असतात.

पेटीवाल्यांनी या कटकटीवर आपला उपाय केव्हाच शोधला आहे. स्केल चेंजर पेटीत पट्ट्यांची सगळी पाटी खालच्या रीडांवरून डावी-उजवीकडे सरकते, त्यामुळे बोटे नेहमीच्या ठिकाणीच चालतात आणि षड्ज मात्र गायकाच्या पट्टीवर जातो. कीबोर्डवरचे ट्रान्सपोजचे बटण तेच काम विजेवर करते. साथीसाठी ही चीज उत्तम आहे, आणि पेटी सरकवणाऱ्याला कोणी कमी लेखू नये. विद्यार्थ्याच्या हाती मात्र मी ती उशिरा देईन, कारण ज्याने काळी चारवरून बिलावल, खमाज आणि काफी कधी बोटांनी शोधलेच नाहीत, त्याला चार फ्लॅट हे कायम चार अडथळेच वाटत राहतात. भाची आता पान उघडल्यावर आधी शेवटची खूण पाहते, सा ठरवते, मग सरगम गुणगुणते आणि शेवटी बोटे ठेवते. परीक्षक तिला सरगम विचारणार नाहीत, पण तो तिचा प्रश्न आहे.

गेल्या हंगामात मास्तरांकडे एक गायिका काळी तीनचा आग्रह धरून आली. ही पट्टी पंचमांच्या वर्तुळात पांढऱ्या एकच्या बरोबर समोर येते: एफ शार्प म्हटले तर सहा शार्प, जी फ्लॅट म्हटले तर सहा फ्लॅट, म्हणजे कीबोर्डच्या दृष्टीने दगडापेक्षा वीट मऊ नाही. मी कागद लिहून देणार होतो म्हणून मास्तरांना विचारले, कोणत्या बाजूने लिहू. त्यांनी ट्रंपेटचा व्हॉल्व्ह पुसता पुसता सांगितले की सहा शार्पांचे क्लॅरिनेटला आठ होतील आणि ते वाचणारा माणूस आपल्या बँडमध्ये नाही. सहा फ्लॅट लिहा, क्लॅरिनेटला चार राहतील, सॅक्सला तीन. मी म्हटले, कीबोर्डवाल्याला सहाच्या सहा राहतात की. "त्याला काय," मास्तर म्हणाले, "त्याच्याकडं बटण आहे."